विचार आहे का?

शहाणीला शहाणी हे नाव तिच्या दादानेच ठेवलं होतं. चौथीत असताना तिने शिक्षकांची इंग्रजीतली चूक भर वर्गात काढली, शिक्षकांनी घरी निरोप धाडला, आणि आई पाठीत धपाटा घालणार एवढ्यात दादा मधे पडला. "मारू नकोस गं, शहाणी आहे ती." तेव्हापासून ती शहाणी. पुढच्या चाळीस वर्षांत तिने त्या नावाला साजेसं पुष्कळ केलं आणि न साजेसं एकच केलं. त्या एकाची ही गोष्ट.

ती भाषांतराच्या ऑफिसात कामाला होती. टायरच्या दुकानावर तिसरा मजला, जिनाभर रबराचा वास, आत सहा टेबलं. वॉशिंग मशीनची माहितीपत्रकं, औषधाच्या खोक्यातल्या सतरा घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, दवाखान्यांचे फॉर्म हे सगळं इंग्रजीतून मराठीत आणायचं. जे कुणी धड वाचत नाही ते बिनचूक लिहायचं, असला हा धंदा. तिच्या समोरच्या टेबलावर मुद्रितं तपासणारे एक गृहस्थ बसायचे. त्यांना ऑफिसात सगळे अनुस्वार म्हणत, कारण ते दुसऱ्यांच्या डोक्यावर टिंब द्यायला कायम टपलेले असत.

दोन वर्षांपूर्वी मनाच्या आजारांच्या एका दवाखान्याचा फॉर्म आला. चौदा प्रश्न, पुढे 'हो' आणि 'नाही'च्या चौकटी. झोप लागते का, भूक लागते का, कशात मन लागतं का. आठ प्रश्न चहा निवायच्या आत उरकले. नवव्याला घोडं अडलं. आयुष्य संपवण्याच्या 'आयडियाज' मनात येतात का, असा तो प्रश्न.

"आयडियाच ठेवा," अनुस्वार म्हणाले. "शेंबड्या पोरालाही कळतं."

"शेंबड्या पोराला आयडिया म्हणजे युक्ती कळते. 'मरायची काही आयडिया आहे का' असं विचारू का माणसाला? तो म्हणेल, माझ्याकडे नाही, तुमच्याकडे असली तर द्या."

सगळं ऑफिस हसलं. हसू नये अशा गोष्टीला ऑफिसात जरा जास्तच हसतात.

"मग कल्पना म्हणा."

"'तुम्हाला कल्पना आहे का' म्हणजे ठाऊक आहे का. तो विचारेल, कशाची?"

राहता राहिला विचार. शहाणीने आधी लिहिलं होतं, 'आयुष्य संपवण्याचे विचार तुमच्या मनात येतात का?' पण चौकट अरुंद. वाक्य दुसऱ्या ओळीत घसरलं आणि त्यापायी फॉर्मचं एक पान वाढायला लागलं. तिने कात्री लावली. 'आयुष्य संपवण्याचा विचार आहे का?' बसलं एका ओळीत. पडताळणीसाठी ते दुसऱ्या एका भाषांतरकाराने पुन्हा इंग्रजीत नेलं, तिथे त्याचं पुन्हा मूळचंच गोंडस इंग्रजी झालं, आणि दवाखान्याने शिक्का मारला.

आता 'विचार आहे' असं आपण कधी म्हणतो ते कुणालाही विचारा. घर रंगवायचा विचार आहे. नोकरी सोडायचा विचार आहे. म्हणजे गोष्ट ठरल्यात जमा, फक्त दिवस नक्की व्हायचा. शहाणीला हे कळत नव्हतं थोडंच? पण ओळ बसली होती, आणि बसलेल्या ओळीला पुन्हा कोण उठवतं!

दादा लिफ्टचा मेकॅनिक. तिसाव्या वर्षापासून तेच काम, आता अठ्ठावन्नावं चालू. लिफ्ट कुठे कण्हते हे तो दारात उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगायचा. स्वतःबद्दल मात्र त्याच्या तोंडून दोन वाक्यं काढायची तर पक्कड लागायची. लिहिणं म्हणाल तर मशीनरूममधल्या वहीत काय केलं, कुठल्या तारखेला, किती वाजता, तेवढंच.

असा माणूस एका रविवारी आपणहून तिच्याकडे आला, खुर्चीवर टेकला आणि म्हणाला, "शहाणे, मला हल्ली काहीतरी दिसतं."

शहाणी लॅपटॉपवर. वॉशिंग मशीन कपडे 'पिळतं' की 'गरगरवतं', या पेचात. मान वर न करता तिने विचारलं, "काय दिसतं?"

"म्हणजे असं... काम करता करता. डोळ्यांपुढे येतं."

"नंबर वाढला असेल तुझा. किती वर्षं तोच चष्मा घालून फिरतोयस. थांब, एवढं झालं की जाऊ चष्मेवाल्याकडे."

दादाने चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाला, "हां. तसंही असेल."

ते गेले. नंबर खरोखरच अर्ध्याने वाढलेला निघाला, हा आणखी घात. शहाणीने त्याला तपकिरी फ्रेम निवडून दिली. रस्त्यात त्याने तिच्या समाधानासाठी लांबच्या दोन पाट्या मोठ्याने वाचून दाखवल्या. भावाची काळजी घेतली म्हणून त्या दिवशी शहाणी स्वतःवर खूष होती.

पुढे दादाचं जेवण कमी झालं, झोप तर गेलीच. वहिनी हात धुऊन मागे लागल्या तेव्हा तो कंपनीच्या डॉक्टरकडे गेला, आणि त्यांनी त्याला ज्या दवाखान्यात पाठवलं तो नेमका तोच. दादा एकटाच जाऊन आला. घरी येऊन म्हणाला, "फॉर्म भरून घेतला. झोपेच्या गोळ्या दिल्यात."

त्या दवाखान्याची एक रीत होती. रुग्णाने फॉर्मवर मराठीत हाताने काही खरडलं असेल, तर तो कागद इंग्रजी करायला शहाणीच्या ऑफिसात यायचा. नवव्या प्रश्नाला ज्यांनी 'हो' केलं त्यांचे कागद त्याच दिवशी. 'नाही'वाल्यांचे महिन्याने, गठ्ठ्याने. नाव झाकलेलं, वर नुसता क्रमांक.

एका बुधवारी सकाळी तसा गठ्ठा आला. सहा कागद झाले. सातव्यावर नवव्या प्रश्नापुढे 'नाही'वर ठसठशीत खूण होती आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'विचार नाही. पण दिसतं. घर दिसतं, त्यात मी नसतो. सगळं नीट चाललेलं असतं. बघून बरं वाटतं.' आणि शेवटी तारीख, वेळ. दुपारी १२.२०.

डॉक्टरच्या फॉर्मवर वेळ लिहिणारा माणूस या पृथ्वीवर एकच. अक्षर तर तिने शाळेच्या वह्यांच्या कव्हरांवर पाहिलेलं होतं. त्या वह्यांवर तिचं नाव तोच घालून द्यायचा.

तारीख तेवीस दिवसांपूर्वीची होती.

तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मशीनरूममध्ये त्याला ऐकू जात नाही हे तिला माहीत होतं, तरी तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला. वहिनींना लावला. त्या म्हणाल्या, गेले की सकाळी डबा घेऊन, का हो? शहाणीने कागद अनुस्वारांपुढे सरकवला आणि एवढंच म्हणाली, "दादाचं आहे."

अनुस्वारांनी वाचलं. बिचाऱ्यांना दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. कपाटावरचा जाडजूड कोश उतरवला आणि 'आयडिया' काढला. शब्द ग्रीकांचा. मूळ धातू 'पाहणे'. आयडिया म्हणजे डोळ्यांना दिसलेला आकार, वस्तूचं रूप. विचारबिचार हे अर्थ फार मागाहून चिकटले. आणि आपला 'विद्' धातू, ज्यातून विद्या आली, तोही त्याच गोत्रातला. अनुस्वार हळू आवाजात वाचत गेले, आणि मधेच थांबले. कारण पुढे वाचायची गरज उरली नव्हती. त्या इंग्रजी प्रश्नाने पोटात जपून ठेवलं होतं ते हेच, तुला तसं दिसतं का. दादाने मूळ प्रश्न न बघता त्याचं बरोबर उत्तर लिहिलं होतं. प्रश्न तेवढा शहाणीने चुकवला होता.

"तुम्ही जा," अनुस्वार म्हणाले. "गठ्ठा मी बघतो."

दादाचं काम ज्या इमारतीत चालू होतं ती नऊ मजली. लिफ्टवर पाटी, 'दुरुस्तीसाठी बंद'. लिफ्टवाल्याला भेटायला बाई नऊ मजले चढली. सहाव्याला तिच्या छातीचा भाता झाला, पण ती थांबली नाही. गच्चीवरच्या मशीनरूमचं लोखंडी दार उघडं होतं. आत दादा मोटरीपाशी उकिडवा बसून तिच्यातला कार्बनचा ब्रश साफ करत होता. तपकिरी फ्रेमवर ग्रीसचा डाग.

"शहाणे? अगं, इथे कशी तू? पाणी पी आधी."

तिला पाणी नको होतं. तिने मोबाइलवर काढलेला कागदाचा फोटो त्याच्यापुढे धरला. दादाने चष्मा कपाळावर चढवून बघितलं आणि चक्क हसला.

"तुझ्याकडे आला होय? म्हणजे घरातल्या घरातच राहिला."

"दादा, हे काय आहे?"

"काय आहे म्हणजे? दिसतं ते लिहिलं. कुणी काही बोललंच नाही. मला वाटलं, डॉक्टरांनी वाचलं असेल. वाचूनही काही म्हणाले नाहीत, म्हणजे बरोबरच दिसत असेल."

 शहाणी तिथेच तेलकट फरशीवर बसली. तेवीस दिवस हा माणूस उत्तराची वाट बघत होता, आणि उत्तर आलं नाही तेच त्याने उत्तर धरलं होतं.

"काय दिसतं, मला सांग. सगळं सांग. मी आज कुठे जात नाही."

दादाने ब्रश फडक्यात गुंडाळला. बराच वेळ गुंडाळत बसला. "नाही गं जमत आता. त्या रविवारी जमलं असतं. जिना चढताना वाक्यं जुळवत आलो होतो." मग तिचा चेहरा बघून घाईघाईने म्हणाला, "तुझं काही चुकलं नाही हां. नंबर वाढलाच होता."

असं म्हणणाऱ्या माणसाला काय करायचं? शिव्या दिल्या असत्या तर सोसवल्या असत्या.

तिने त्याला तिथूनच दवाखान्यात नेला. तोही आला, लहान बहिणीचा हट्ट पुरवावा तसा, हात साबणाने धुऊन, शर्ट बदलून. डॉक्टरला मराठी येत नव्हतं. नेहमीचा दुभाष्या गुरुवारी यायचा. पण शहाणीचं नाव दवाखान्याच्या दुभाष्यांच्या यादीत होतं, तेव्हा बाईंनीच दुभाषीपण करावं असं ठरलं. डॉक्टर तरुण, भला माणूस होता. शहाणीने तिथल्या तिथे इंग्रजी करून दिलेला कागद त्याने वाचला, खुर्ची पुढे ओढली आणि दादाकडे बघून सरळ विचारलं. इंग्रजी वाक्यात तोच शब्द होता, 'आयडियाज'.

शहाणीने आयुष्यात एवढं जपून भाषांतर कधी केलं नव्हतं. "दादा, डॉक्टर विचारतात, आपण नाही असं तुला जे दिसतं, त्यात... ते तू स्वतः घडवून आणलेलं असतं का? आयुष्य संपवणं असं तुला दिसतं का?"

दादाने डॉक्टरकडे पाहिलं, मग बहिणीकडे. तिच्या हाताला कंप सुटला होता. तिने तो टेबलाखाली लपवला, पण दादाने बघितला. दुरुस्तीवाल्याची नजर, कंप आधी दिसतो.

"छे छे," तो म्हणाला. "त्यांना सांग, घोटाळा झाला लिहिण्यात. मी दिवसभर कामावर असतो. घरात नसतोच ना मी. तरी घर नीट चालतं. बायको खंबीर, पोरगी हुशार. ते डोळ्यांपुढे आलं की बरं वाटतं. एवढंच लिहिलंय."

शहाणी त्याच्याकडे बघत राहिली. वाक्य अन् वाक्य त्या कागदाशी जुळत होतं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि सगळं धादांत खोटं होतं.

"काय म्हणाले ते?" डॉक्टरने इंग्रजीत विचारलं.

"सांग ना," दादा म्हणाला. "जसंच्या तसं सांग हां, शहाणे. तुझं कामच आहे ते."

तिने सांगितलं. जसंच्या तसं. ऐकता ऐकता डॉक्टरचा चेहरा सैल होत गेला. मग ती इंग्रजीतच म्हणाली की हा माझा भाऊ आहे, मी त्याला ओळखते, तो खोटं बोलतोय, मला सांभाळायला खोटं बोलतोय. डॉक्टरने मान हलवली. तुमची काळजी मी लिहून घेतो, म्हणाला, दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतो, हा तातडीचा नंबर ठेवा, कुणीतरी सोबत राहा. पण रुग्ण शांत आहे, कामावर जातोय, कारण पटण्यासारखं सांगतोय. मला त्यांचे शब्द धरून चालावं लागतं. शेवटी त्याने एक कागद पुढे केला. रुग्ण जे बोलला तेच आणि तेवढंच मी सांगितलं आहे, खाली दुभाष्याची सही. शहाणीने सही केली. कागदात लिहिलेलं खरं होतं.

दोघं बसस्टॉपवर येऊन बसले. दुपारचं ऊन पायांवर आलं होतं. दादा आता मोकळा दिसत होता, पेपर देऊन बाहेर पडलेल्या पोरासारखा.

"काय फाडफाड बोलतेस गं इंग्रजी. आई असायला हवी होती." जरा वेळाने म्हणाला, "त्याने तो आयडिया शब्द वापरला ना? मला तेवढाच कळला. आता माझ्यासारख्याला कुठून सुचायच्या आयडिया!"

"दादा, आयडिया म्हणजे युक्ती नाही रे."

"मग?"

तिने सांगायला नको होतं की सांगायलाच हवं होतं, हे तिला अजून कळलेलं नाही. तिने सांगितलं. "मूळ शब्दाचा अर्थ, दिसलेलं. डोळ्यांना दिसलेलं रूप."

दादा हसायचा थांबला. रस्त्यापलीकडे एक बाई दुकानाची काच पुसत होती, तिच्याकडे तो बघत राहिला.

"म्हणजे मी आत खोटं बोललो की," तो म्हणाला.

शहाणीने त्याचा दंड धरला. "चल परत आत. आत्ताच्या आत्ता. हेच सांग त्यांना, मी सांगते, चल." ती त्याला ओढत होती, रडत होती, आणि स्टॉपवरचे लोक दुसरीकडे बघत होते. दादाने तिची बोटं एकेक करून अलगद सोडवली.

"गंमत केली गं. किती मनावर घेतेस! चल, बस आली."

बसमध्ये त्याने तिला खिडकीची जागा दिली.

त्याच दिवशी शहाणीने वहिनींना सगळं सांगितलं. वहिनींनी तोंडात पदर घेतला आणि तिथून पुढे दोघींनी वाटून पहारा सुरू केला. कामावर जाऊ नको म्हणावं तर दादा म्हणायचा, घरी बसून वेड लागेल. तातडीच्या नंबरवर शहाणीने तीनदा फोन केला. तिन्ही वेळा पलीकडच्या भल्या आवाजाने विचारलं, रुग्ण स्वतः काय म्हणतात? आणि फोन हातात दिला की दादा गोड आवाजात म्हणायचा, मी ठीक आहे, उगीच त्रास तुम्हाला. फॉर्ममधला नववा प्रश्न बदला म्हणून तिने दवाखान्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं की मराठी पाठ तपासून मंजूर झालेला असून पुढचा आढावा तीन वर्षांनी आहे.

दिवसा कामावर असताना ती दर तासाला त्याला फोन करायची. आधी सबबी शोधायची. गिझर गळतोय, पोरीचा नंबर दे, चष्मा नीट बसतो ना. चौथ्या दिवशी सबबी संपल्या. मग ती नुसतं विचारायची, "आहेस?"

"आहे गं," तो म्हणायचा. कधी मागे मोटरीचा आवाज, कधी डबा उघडल्याचा. वैतागला नाही, एकदाही नाही. रिंग चुकू नये म्हणून फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायला लागला. हे पाहून शहाणीला जरा धीर यायचा. जो माणूस 'आहे' म्हणायला खिशातून फोन काढतो तो असणारच, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

अकराव्या दिवशी दहाला तो म्हणाला, "आहे." अकराला म्हणाला, "आहे." बाराला म्हणाला, "आहे गं शहाणे, काम कर तू तुझं."

एकच्या फोनला कुणीतरी अनोळखी माणूस बोलला, आणि त्याने विचारलं, "आपण यांच्या कोण?"